एमबीए की पीएमपी? आधी पात्रता तरी छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ॲडमिशनचा सिझन आला की सांगलीच्या विश्रामबागेत खांबाखांबावर क्लासचे बोर्ड लटकायला लागतात, त्यात आता पीएमपीची (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, म्हणजे प्रोजेक्ट चालवणाऱ्यांसाठीचं सर्टिफिकेट) भर पडलीय. "दोन वर्षं एमबीएत कशाला घालवताय, 35 तासात पीएमपी व्हा" असल्या धाटणीच्या जाहिराती. पेपरमधून पॅम्प्लेटही येतात म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितोय.

मी कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, नवीन मशिनरी बसवणं, शेड वाढवणं असली कामं माझ्याकडं असतात. माझा भाचा बीबीएच्या शेवटच्या वर्षाला, त्यानं असंच एक पॅम्प्लेट आणून दाखवलं आणि विचारलं मामा, एमबीएची सीईटी देऊ का हे करू. आता त्यात त्या पोराची काय चूक, पॅम्प्लेटवर दोन्ही असं शेजारी शेजारी छापलंय की बघणाऱ्याला वाटावं दोन्हीची दारं त्याला सारखीच उघडी आहेत.

पीएमपी देते अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, पीएमआय म्हणतात ती, 1984 पासून देतेय. परीक्षेआधी 35 तासांचं ट्रेनिंग लागतं हे खरंय पण ती नुसती एक अट झाली, दुसरी अट म्हणजे पदवी असेल तर 36 महिने प्रोजेक्ट स्वतः चालवल्याचा अनुभव पाहिजे. मग 180 प्रश्नांची जवळपास चार तासांची परीक्षा. ती पास झाल्यावर पण दर 3 वर्षांनी 60 पॉइंट जमवून रिन्यू करत बसायचं. म्हणजे कॉलेजातनं कालच बाहेर पडलेल्या पोराला 35 तास बसून जे मिळतं ते त्या क्लासचं सर्टिफिकेट, पीएमपी नव्हे! हे पॅम्प्लेटवर कुठंतरी खाली बारीक अक्षरात "पात्रतेच्या अटी लागू" एवढ्या तीन शब्दात उरकलेलं असतं. क्लासच्या ऑफिसातनं फोन येतो तेव्हा तर तेवढंही सांगत नाहीत, "अनुभवाचं आम्ही बघतो" म्हणतात. काय बघणार ओ? अर्जात प्रत्येक प्रोजेक्ट, त्यातलं तुमचं काम, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, सगळं भरावं लागतं आणि पीएमआय अधूनमधून कुणाचाही अर्ज ऑडिटला काढते, तेव्हा त्या त्या कामावरच्या साहेबांकडनं ते खरं आहे असं लिहून घ्यावं लागतं. तिथं क्लासवाला येणार आहे का सही करायला?

गंमत म्हणजे ज्यांना खरंच पीएमपी जमेल ते लोक आपल्याकडं ढीगभर आहेत आणि त्यांना कोण विचारत नाही. हुद्दा "प्रोजेक्ट मॅनेजर" पाहिजे असं काही नाही, काम चालवलेलं असलं की झालं. साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. गाळप हंगामात रोज शिफ्ट सांभाळणारा माणूस कितीही हुशार असूदे, ते रोजचं चालू काम, ते प्रोजेक्टमध्ये धरत नाहीत. पण हंगाम संपल्यावर गाळप क्षमता वाढवायचं काम निघतं, फाउंडेशन, क्रेन, वेंडरची उशिरा येणारी मशिनरी, वीज कनेक्शनची परवानगी आणि दसऱ्यापर्यंत बॉयलर पेटायलाच पाहिजे ही डेडलाइन, हे सगळं ज्यानं अंगावर घेतलं त्याचे महिने मोजले जातात. आमच्याकडं फाउंड्रीत दिवाळीच्या शटडाऊनमध्ये फर्नेस बदलतात, कामगार गावाला गेलेले असतात तेवढ्या मोजक्या दिवसात जुनी काढून नवी बसवायची, हा पण प्रोजेक्टच. असली कामं करणाऱ्या डिप्लोमावाल्या सुपरवायझरला कुणी सांगितलंच नाही की बाबा तू तारखा लिहून ठेव, साहेब नोकरी सोडून जायच्या आत त्यांच्याकडनं लिहून घे.

एमबीएचं गणित वेगळं आहे. पदवी आणि सीईटी झाली की अनुभव नसला तरी प्रवेश मिळतो, कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) गेलं आणि उत्पन्नाच्या अटीत बसलं तर सरकारी फी सवलत पण मिळू शकते, आणि एकदा मिळालेली डिग्री रिन्यू करावी लागत नाही. बँक, सेल्स, एचआर अशा ठिकाणी जाहिरातीत डिग्रीच मागतात, तिथं पीएमपी दाखवून काय उपयोग नाही. पण म्हणून मिळेल त्या कॉलेजात दोन वर्षं टाकायची हे पण मला पटत नाही, मागच्या बॅचची पोरं नक्की कुठं लागली ते त्या पोरांनाच फोन करून विचारावं, कॉलेजच्या फ्लेक्सवरचे फोटो बघून ठरवू नये (त्यातले निम्मे आपल्या ओळखीचे असतात आणि निम्मे पुण्यात अजून इंटरव्ह्यू देत फिरत असतात).

आणि फ्रेशरला प्रोजेक्टचंच काहीतरी करायचं असेल तर पीएमआयचीच कॅपीएम म्हणून धाकटी परीक्षा आहे, बारावी झालेली पुरते, अनुभव लागत नाही, 23 तासांचं ट्रेनिंग आणि 150 प्रश्न. नंतर पीएमपीच्या वेळी कॅपीएम चालू असेल तर ते 35 तास पण माफ होतात. मग क्लासवाले पोरांना ही का सुचवत नाहीत? मला तरी वाटतं नाव कमी चालतं म्हणून.

भाच्याला मी सीईटी दे म्हणालो, कारण त्याला फायनान्समध्ये जायचंय. साइटवर तीन-चार वर्षं प्रोजेक्ट चालवत घासलेला इंजिनिअर विचारायला आला असता तर उलट सांगितलं असतं.

तुमच्याकडं एवढीच विनंती, ॲडमिशनची पुरवणी काढाल तेव्हा कोर्सच्या नावासमोर पात्रता आणि सर्टिफिकेट नक्की कोण देणार हे दोन रकाने घालाच, आणि क्लासच्या जाहिरातीत पण तेवढं छापायला लावा. मे महिन्यातच छापलं तर बरं, जूनमध्ये फी भरून झालेली असते.

आपला,
एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)