लायब्ररीतल्या ताईंना, त्या चिठ्ठीबद्दल

ताई, नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलो की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणता आणि मागच्या माणसाची पुस्तकं घ्यायला लागता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहून टाकतोय.

तुम्हाला आठवत असेल नसेल, मी काउंटरला टेकून विचारत होतो की मुलांसाठी लिहिणाऱ्या एखाद्या लेखकाचं चरित्र आहे का, जाडजूड नको, मुलं घरीच शिकतात, मोठी नऊची आणि धाकटा सहाचा आणि दोघांना एकत्रच वाचून दाखवावं लागतं नाहीतर भांडणं. तुम्ही 'पीटर रॅबिट' सशाची गोष्ट लिहिणाऱ्या बिएट्रिक्स पॉटरवरचं पिक्चर बुक काढून दिलंत. मी लगेच, "यावर ॲक्टिव्हिटी काय काय घेता येतील?" तुम्ही नुसतं हसलात. घरी येऊन उघडलं तर आत चिठ्ठी, "आधी दोनदा नुसतं वाचा. प्रश्न विचारू नका. विचारायचे ते तेच विचारतील."

खरं सांगू का, जरा रागच आला होता. कारण तोवर माझी वर्कशीट मनात तयार झालेली, जन्म कधी (28 जुलै 1866), कुठे (लंडन), सशांची नावं लिहा, गाळलेल्या जागा भरा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे हे पुस्तक मला आवडलं त्यामागे माझा स्वार्थ होता. ही बाई शाळेत गेलीच नाही, घरीच शिकवायला बाई यायच्या, आणि उतारवयात तिने स्वतः लिहिलंय की शाळेत घातलं नाही ते बरं झालं, नाहीतर माझं वेगळेपण घासून गेलं असतं. म्हटलं वा, आता पुढच्या लग्नकार्यात "मुलांचं पुढे काय होणार" असं कुणी विचारलं की हे तोंडावर मारता येईल.

पण चिठ्ठी होती म्हणून गप्प बसलो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही, धाकटा तर अर्धा वेळ पालथा पडून नुसती चित्रं बघत होता. बिएट्रिक्सच्या खोलीत ससे, उंदीर, साळू, वटवाघूळ सगळं पाळलेलं. मेलेला प्राणी सापडला तर ती आणि तिचा भाऊ तो उकळून त्याचा सांगाडा नीट काढून ठेवायची हे पुस्तकात नव्हतं, ते मी आपला पदरचा मसाला घातला (प्रश्न विचारू नका म्हणालात, माहिती देऊ नका असं म्हणाला नव्हतात). त्यावर धाकटा ताडकन उठून बसला. आता आमच्याकडे बाहेरून काय काय उचलून येतंय ते विचारू नका.

दुसऱ्या वेळी मोठीने एका पानावर हात ठेवला. भाऊ ट्रंक घेऊन निघालाय आणि ही जिन्यात उभी. म्हणाली, "बाबा, याला का पाठवलं मग शाळेत?" मी म्हटलं तो मुलगा होता. "म्हणजे हिला घरी शिकवलं नाही. हिला पाठवलंच नाही."

ताई, मी खरंच गप्प झालो. सहा वर्षांनी लहान भाऊ बोर्डिंग स्कूलला गेला आणि ती घरात राहिली, तेव्हाच्या श्रीमंत घरातल्या मुलींचं तसंच असायचं. मग मी पुढचंही सांगितलं, की मोठेपणी तिने अळंब्यांचे बीजाणू कसे रुजतात यावर अभ्यास करून 1897 मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला निबंध दिला पण बायकांना तिथल्या सभेला बसता येत नव्हतं, म्हणून तो दुसऱ्याच माणसाने मांडला. मोठी इतकी चिडली की पुस्तक मिटून बसली. माझ्या वर्कशीटमध्ये या प्रश्नाला जागाच नव्हती, आणि लग्नकार्यातल्या उत्तराचंही पार वाटोळं झालं.

खरी गंमत पुढे आहे. तुम्हाला मी कधी सांगितलं नाही पण धाकटा लिहित नाही. वाचतो, बोलून डोकं खातो, पण पेन्सिल हातात दिली की पोट दुखतं. त्या पुस्तकात ते 1893 चं पत्र आहे ना, पूर्वी तिला शिकवायला येणाऱ्या बाईंचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता, त्याला काय लिहावं सुचेना म्हणून तिने चार सशांची गोष्ट लिहिली, मध्ये मध्ये शाईची छोटी चित्रं काढून. त्या पोराने ते जपून ठेवलं, म्हणून पुढे तिला ते मागून घेऊन त्याचं पुस्तक करता आलं. प्रकाशकांनी नाही म्हटल्यावर 1901 मध्ये स्वतःच्या पैशाने 250 प्रती काढल्या, आणि 1902 मध्ये प्रकाशकाकडून आलं. धाकट्याला यातलं फक्त एक कळलं, की पत्रात शब्द अडला तर चित्र काढलेलं चालतं.

त्याचा मामेभाऊ पाय मोडून घरी पडलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर हा जमिनीवर, कागदावर पोट टेकून. "तू पडला तेव्हा" आणि पुढे झाड, आणि झाडाखाली एक पाय, नुसता पाय. मग "दुखला का" आणि पुढे तोंड वाकडं केलेला ससा. सगळे मिळून अकरा शब्द होते, मी मोजले. अक्षर सरकत सरकत कागदाबाहेर गेलेलं आणि "दुखला" चा उकार उलटा. ताई, मी तो उकार सुधारला नाही. हात शिवशिवत होता, पण नाही सुधारला. ती चिठ्ठी नसती तर मी तिथेच बसून उकार गिरवून घेतला असता आणि बारावा शब्द आलाच नसता.

मोठीचं वेगळंच. पंधराएक वर्षांची असल्यापासून तिशीपर्यंत बिएट्रिक्स स्वतःच्या सांकेतिक लिपीत डायरी लिहायची, ती 1958 पर्यंत कुणाला वाचता आली नव्हती. लेस्ली लिंडर म्हणून एक जण काही वर्षं डोकं लावून बसलेला, शेवटी एका ओळीत त्याला XVI आणि 1793 हे आकडे दिसले, फ्रान्सच्या सोळाव्या लुईला फाशी की गिलोटिन जे काय ते, त्याचं साल, तिथून कुलूप उघडलं. हे ऐकल्यापासून आमच्या घरात भिंतीवर, फ्रिजवर, माझ्या डायरीत सगळीकडे त्रिकोण आणि ठिपके आहेत, आणि त्यात माझ्याबद्दल काहीतरी आहे हे नक्की कारण मी जवळ गेलो की दोघं हसतात.

पुस्तकाची मुदत दोनदा वाढवून दिलीत, त्याचेही आभार, आणि आता तिसऱ्यांदा मागतोय. तुमची चिठ्ठी मात्र परत देणार नाही. तिच्या बदल्यात एक पाकीट पाठवतोय, धाकट्याने तुमचं चित्र काढलंय, चष्मा जरा मोठा झालाय आणि खांद्यावर साळू का आहे ते मी विचारलं नाही. मागच्या बाजूला मोठीच्या लिपीतल्या चार ओळी आहेत. अर्थ सांग म्हटलं तर नाही म्हणते. त्यात एकच आकडा आहे, ताईंना तेवढा पुरेल म्हणाली.