शनिवारी फोन का उचलत नाही

ती. आई-बाबा,

शालोम.

बाबांचा राग मेसेजमधूनही पोचला. "शनिवारभर फोन नाही, म्हातारा-म्हातारी जगली काय नि मेली काय!" फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच आईच्या हातात फोन देतात, म्हणून लिहूनच कळवते.

आधी महत्त्वाचं. जिवाशी गाठ असेल तिथे शब्बाथ, म्हणजे आपला शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, आड येत नाही. माणूस वाचवायला तो मोडायची नुसती मुभा नाही, मोडलाच पाहिजे असा धर्माचा नियम आहे. माझा फोन कपाटात असतो, पण तुम्हा दोघांच्या नंबरांना आवाज चालू ठेवलाय. तब्येतीचं काही झालं तर लागोपाठ तीनदा लावा, मी उचलणारच. सोसायटीची लिफ्ट, लाइटचं बिल, कुणाकुणाची लग्नं हे मात्र शब्बाथ सुटल्यावर. आमच्याकडे इस्राएलमध्ये चांदण्या दिसेपर्यंत तुमच्याकडे हिवाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात आणि उन्हाळ्यात जवळजवळ अकरा. उन्हाळ्यात बाबा तोवर घोरत असतात, तेव्हा रविवारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी करत जाईन. इथे रविवारी कामाचा आठवडा सुरू होतो, हे तुम्ही दरवेळी विसरता.

आता बाबांचा खरा प्रश्न. "आम्ही सकाळी प्रार्थनेला सिनेगॉगला जाऊन मग रेल्वेच्या ऑफिसात अर्धा दिवस भरायचो, म्हणजे आम्ही कमी यहुदी का?" अजिबात नाही. पोटासाठी करावं लागलं, केलंत. आणि कमी-जास्त ठरवणाऱ्यांचा अनुभव आपल्या लोकांनी इथे घेतलाच आहे. लग्नं लावताना बेने इस्राएलांच्या, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंच्या, कुळाची चौकशी करा म्हणणाऱ्यांविरुद्ध आपली माणसं रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे १९६४ साली इथल्या संसदेने, क्नेसेटने, आपण सर्व अर्थांनी ज्यूच आहोत असं जाहीर केलं. तिथे धीर धरून गप्प बसणं कामाचं नव्हतं. तो धीर मी शिकवत नाहीये.

माझं म्हणणं एवढंच की हे सगळं मी इथे येऊन नवीन उचललेलं नाही. कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणायचे. त्यांच्याजवळ म्हणे शेमा ही प्रार्थना तेवढी उरली होती, बाकीची हिब्रू कधीच विसरली होती. तरी शनिवारी घाणा बंद. दारात गिऱ्हाईक उभं असताना बैल सोडून ठेवायला काय लागत असेल, याचा विचार मी इथे दिमोना गावात आल्यावर पहिल्यांदा केला.

इथली शुक्रवारची दुपार बघायला हवी. एकपर्यंत बाजारात ढकलाढकली, कोथिंबिरीवरून भांडणं. मग एकेक शटर खाली येतं, बस थांबतात. सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी दिवे लावायचे. त्यानंतर राहिलेलं काम राहिलं. मशीनमधले कपडे ओले राहिले तर ओलेच. सुरुवातीला माझा जीव नुसता तडफडायचा. एक मेल पाठवून टाकू, दोन मिनिटांचं तर काम! मग इथल्या एका आजींनी मला जुन्या रब्बींचं म्हणणं सांगितलं. 'सहा दिवसांत तुझं सगळं काम कर' असं आपल्या धर्मग्रंथात, तोरात, लिहिलंय, पण सगळं काम सहा दिवसांत कुणाचं संपतं? म्हणून सातव्या दिवशी असं बसायचं, जणू सगळं झालंय. बाबा, हे 'जणू' मला फार अवघड जातं. बाकी प्रार्थना, द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायचा किद्दुश, सोपं आहे.

वाळवंटात पूर्वजांना देवाकडून रोज मिळणाऱ्या अन्नाची, मान्नाची, गोष्ट तुम्हीच सांगायचात. शुक्रवारी दुप्पट मिळायचा, शनिवारी नाही. तरी काही जण शनिवारी टोपली घेऊन निघालेच. लहानपणी मला ते लोक मूर्ख वाटायचे. आता रोज संध्याकाळी ऑफिसात भेटतात.

इथे तर शेतालाही सुट्टी असते. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. त्या वर्षाला शमिता म्हणतात, मागची २०२१-२२ मध्ये झाली. पळवाटाही भरपूर आहेत, कागदोपत्री जमीन वर्षापुरती परधर्मीयाला विकून पीक घेतात. आपलीच माणसं शेवटी!

तुम्हाला मी शब्बाथ कडक पाळा असं सांगत नाही. या वयात पंखा-गिझर बंद ठेवून काय करायचंय? बाबा, एकच मागते. शनिवारी सिनेगॉगला जाताना आईच्या चालीने चाला. तुम्ही तीस पावलं पुढे जाऊन वळून बघता, घड्याळ बघता, आणि ती गुडघा दुखत असतानाही पाय ओढते. मला सांगत नाही, पण दम लागल्याचं आवाजात कळतं. पोचलात की दहावा माणूस येईपर्यंत मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारी दहा जणांची जमात, थांबलेलंच असतं, त्यावरही तुमची चिडचिड. म्हणजे धावत जाऊन तिथे बसून चिडायचं. त्यापेक्षा रस्त्यात आईबरोबर टेकत टेकत जा. दहावे तुम्हीच ठरलात तर लोक तुमची वाट बघतील, त्यांनाही थोडं कळू दे.

आई, आपल्या नववर्षाला, रोश हशनाला, यंदा गव्हाच्या चिकाचा हलवा मी घरी करणार आहे. गहू भिजवणं, वाटणं, गाळणं माझ्या लक्षात आहे. नारळाचं दूध, साखर घालून हात दुखेपर्यंत ढवळायचं, आणि बाबांनी दर दहा मिनिटांनी "झाला का?" विचारायचं, तेही आठवतंय. पण चीक तळाशी किती वेळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी कधी ओतायचं, ते नीट कळव. 'अंदाजाने' असं लिहू नकोस.

तुमची लेक