महिन्याभरानं तू परत का आलास?

खानापूर, जि. बेळगाव,
२० जुलै २०२५, रविवार

प्रिय रफ्या,

सात महिन्यांनी लिहितोय. शिव्या तोंडातच ठेव, आधी वाच. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच हसतोस, आणि मग मीही हसतो, आणि विषय भजीवर जातो. पाऊस धरूनच आहे. माझी शुगर होती तिथंच आहे, आक्काचे गुडघेही. झालं.

१९९० चा जुलै. आठवतो का म्हणून विचारत नाही, तुला आठवतोच. पाचवीचा वर्ग, बकरीद होऊन दोन-तीन दिवस झालेले. गुरुजींनी तुला उभं केलं आणि म्हणाले, "हां, तुमच्यात बकरा का कापतात ते सगळ्यांना सांग." तू आधी छताकडं बघितलंस, मग माझ्याकडं. मग म्हणालास, "अब्बांना विचारून सांगतो." वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यांदा कोण हसलं, ते मी लिहायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी तू माझ्या सगळ्या गोट्या रुमालात बांधून आमच्या पायरीवर ठेवून गेलास आणि महिनाभर आमच्या गल्लीत फिरकला नाहीस. (त्यात निळी नव्हती. पस्तीस वर्षं झाली, पण नव्हती.)

तर या ७ जुलैला, सोमवारी, तिसऱ्या तासाला, माझ्याच वर्गात मी आपले ते गुरुजी झालो.

सुरुवात चांगली होती रे. आदल्या दिवशी, रविवारी, आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले होते. मला वाटलं, असा धडा पुस्तक देत नाही, पंचांग देतं. फळ्यावर दोन वर्तुळं काढली. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी. आपले महिनेही चंद्राचेच, पण आपण साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशेब जुळवून घेतो. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, तो दाखवला. म्हणून दिवाळी पावसाळ्यात शिरत नाही, आणि रमजान मात्र तेहेतीस वर्षांत उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं हिंडून येतो. पोरांनी वहीत वजाबाक्या केल्या. एकानं विचारलं, "म्हंजे सर, थंडीत रोजे आले तर तहान कमी लागत असेल काय?" असला प्रश्न मला प्रशिक्षणात कधी सुचला नाही. इथं थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण नाही. वर्गाचा पट १९, त्यात मुसलमान मुलगी एकच. नाव लिहीत नाही. मी कौतुकानं, अगदी कौतुकानं, म्हणालो, "ऊठ बाळ, मोहरमला काय काय करतात ते सगळ्यांना सांग बघू."

ती उठली. बाकाच्या कडेला एक खिळा वर आलाय, त्यावर अंगठा घासत उभी राहिली. म्हणाली, "माहीत नाही सर."

खरंच नव्हतं माहीत. तिच्या घरात डोले-ताबूत मानत नाहीत, तिचे वडील त्या दिवशी रोजा ठेवतात आणि घरीच असतात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी वाट बघत उभा, खडू हातात. मागून आमच्या पाटलाच्या पोरानं हात वर केला. त्याचा आजा गावचा पंजा उचलतो. पोरगं सुरू झालं, अलाव्यात लाकडं कोण घालतं, पंजाला साडीचोळी कोण देतं, डोल्याखालनं कसं जायचं, चोंगे कुणाच्या घरचे मऊ असतात. दहा मिनिटं बोललं. आणि शेवटी कुणीतरी म्हणालं, "तिचा सण, आणि तिलाच येत नाही गा!"

वर्ग हसला. तेच हसू, रफ्या. पस्तीस वर्षांनी त्याचा आवाजही बदललेला नव्हता.

दुपारी अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या पंगतीत अंडी होती. आमच्याकडं अंडं नाहीतर केळं, ज्याला जे चालतं ते. जैनांची पोरं केळं घेतात, लिंगायतांचीही बरीचशी केळं, आणि आजवर कुणाला उभं करून "तू अंडं का खात नाहीस" असं आम्ही विचारलेलं नाही. ताटात जे जमतं ते फळ्यापाशी का जमू नये? तिनं अंडं घेतलं, खाल्लं नाही, ताटाच्या कडेला ठेवलं. मंगळवारी आली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी तिचे वडील तिला घेऊन आले, टेम्पो चालवतात. टेम्पो चालूच ठेवून खाली उतरले आणि मला म्हणाले, "सर, तिचं काही चुकलं काय?"

मी म्हणालो, नाही नाही, हुशार आहे. एवढंच. बाकीचं तोंडातून आलं नाही. तुझ्या अब्बांना गुरुजींनी तेव्हा काही सांगितलं होतं का रे?

मला जास्त लागलं ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी १ नोव्हेंबरनंतर एक साहेब तपासणीला आले होते. तुला आपला १ नोव्हेंबर ठाऊक आहे, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस. कंपाउंडच्या पलीकडं कन्नड शाळा, तिथं लाल-पिवळे झेंडे, ढोल. अलीकडं आमची पोरं रांगेत, आणि निम्म्यांचे बाप काळ्या फिती लावून बेळगावला मोर्चात. तिसरीतल्या एकानं मला विचारलं होतं, "सर, आज सण आहे की सुतक?" मी म्हणालो, रांग सरळ कर. नोकरी सरकारची, पोट सरकारचं, मी काय बोलणार? तर त्या साहेबांनी आमच्या सातवीच्या पोराला उठवलं आणि कन्नडमध्ये राज्योत्सवाचा अर्थ सांगायला लावला. १९५६ पर्यंत आला आणि अडकला. साहेब हसले, बरोबरचे हसले. मी चार दिवस जेवताना तेच बडबडत होतो, बायको कंटाळली. "दुसऱ्याचा सण पोराच्या तोंडून वदवून घेतात," असं म्हणत होतो मी! आणि या मुलीला मी तिचाच सण दुसऱ्यांसाठी बोलायला लावला. दोन्हींत काय फरक आहे ते बसून बघतोय, पण हाताला लागत नाही.

शाळेवर आणखी एक गंमत. एसडीएमसीतले, म्हणजे शाळेच्या समितीतले, एक गृहस्थ शनिवारी ऑफिसात येऊन बसले. "मराठी शाळा म्हणून पोरं घातली, आणि तुम्ही मोहरम शिकवताय? कायद्यात बसत नाही हे." मी म्हटलं, काका, तुमच्या थोरल्याचा नवस कुठं बोलला होतात? डोल्यालाच ना? आणि सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूर आहे, मुसलमानाचं घर नसलेलं गाव, तिथं हिंदूच मोहरम करतात. ते म्हणाले, ते वेगळं, ती श्रद्धा. तेवढ्यात चहा आला.

रात्री मात्र तुझं ते संविधानाचं जाड पुस्तक काढलं, जे तू वकिली सोडून झेरॉक्सचं दुकान घातलंस तेव्हा माझ्या गळ्यात मारलंस. (वकिली सोडलीस म्हणून मी भांडलो होतो. माघार घेतो. तुझ्या दुकानावर निदान लोक पैसे देऊन जातात.) कलम २८. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. पण धर्मांची माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं २००२ साली सांगितलंय. म्हणजे मोहरम काय असतो, हे मी सांगू शकतो. आणि खंडेनवमीला पाट्या मांडून जी पूजा करतो, नारळ मीच फोडतो, ती कशात बसते? ते कलम तेव्हा कुणाला आठवत नाही, मलाही नाही. तुझी पाटी कुठं असायची रे त्या पूजेत? मी आठवून बघितलं. मी कधी बघितलंच नाही.

तू म्हणशील, एवढा जीव कशाला जाळतोस, सगळे सण सोडून दे, गणित शिकव. तेही करून बघितलंय. सण सोडता येत नाहीत, ते खिडकीतून आत येतात. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात, महाराष्ट्री बेंदूर आषाढात, एकाच बाकावरच्या दोघांचे बैल दोन महिन्यांत रंगतात, आणि खरा बेंदूर कुणाचा यावर मारामारी. दसऱ्याला कन्नड शाळेची पोरं भिंतीवरून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं दाखवतात, आमची आपट्याची, आणि एकमेकांच्या सोन्याला खोटं म्हणतात. या भांडणांत कुणी एकटं पडत नाही. दोन्हीकडं फौज असते. १९ मधली एक असेल तर फौज कुठून आणायची?

म्हणून परवा शुक्रवारी नवीन काहीतरी केलं. सण हा शब्दच काढला नाही. खडूचा रिकामा डबा फिरवला आणि सांगितलं, वर्षभरात तुमच्या घरी नेहमीपेक्षा वेगळं कधी शिजलं, कुणी शिजवलं, चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका. मी वाचून दाखवीन. १८ चिठ्ठ्या आल्या, एक गैरहजर. काही तुझ्यासाठी उतरवतोय, शुद्धलेखन माझं:

"पंचमीला लाह्या. आजीने भाजल्या. एक डोळ्यात उडाली."

"होळीला पोळ्या. आईला ताप होता तरी केल्या. बाबा म्हणाले नको करू, पण खाल्ल्या चार."

"१४ एप्रिलला खीर. पूर्ण गल्लीत एकच पातेलं."

"नाताळला नेवऱ्या. आत्या म्हणते करंज्या."

"बाबा गोव्याहून आले तेव्हा कोंबडी. त्यांनीच केली. तिखट झाली."

ही शेवटची तीन पोरांनी लिहिलीय, थोड्या फरकानं. तिघांचेही बाप गोव्यात कामाला. वर्गातला सगळ्यांत मोठा सण तोच निघाला, आणि तो कुठल्याच कॅलेंडरात नाही. वाचताना पोरं हसत होती, पण वेगळी हसत होती. नेवरी-करंजीवरून जोरात वाद झाला, मी होऊ दिला.

आता मुद्दा. नावं घालायची नाहीत हे खरं, पण मला १९ जणांचं अक्षर झोपेतही ओळखू येतं. तिची चिठ्ठी डब्यात तळाला होती. लिहिलंय: "८ जुलैला शेवया. आईने केल्या. मी शाळेत गेले नाही म्हणून."

वाचली नाही मी. सतरा वाचल्या, अठरावी खिशात घातली. तास संपल्यावर ती दारापाशी थोडी रेंगाळली, मग गेली. माझी चिठ्ठी का वाचली नाही म्हणून थांबली होती, की वाचली नाही म्हणून बरं वाटलं तिला? विचारायला गेलो तर तिला पुन्हा उभं केल्यासारखं होणार. चिठ्ठी अजून शर्टाच्या खिशात आहे. बायकोनं धुवायच्या आधी काढून ठेवली, कागद मऊ झालाय.

मुलीचं अकरावीचं काय झालं, कुठलं कॉलेज मिळालं? भाभींचं पाठीचं दुखणं कमी असेल. दुकानात नवीन मशीन घेतलंस असं मोहन्या म्हणत होता, बरं केलंस. डिसेंबरात इकडं येणार होतास ते नक्की कर, आक्का विचारते.

पण त्याआधी एकच उत्तर लिहून पाठव, फोन नको. महिन्याभरानं तू आमच्या गल्लीत परत आलास. संध्याकाळ होती, मी पायरीवर बसलो होतो, तू येऊन म्हणालास, "चल, आंबोळी खायला." काही झालंच नाही असं. मी माफी मागितली नव्हती, गुरुजींनीही नाही. मग का आलास? तुझ्या अम्मीनं पाठवलं होतं, की अब्बांनी, की तुझं तूच? मला खरंच कळायला हवंय, कारण उद्या सोमवार आहे, आणि ती पहिल्या बाकावर बसते.

तुझा,
सुभ्या

ता. क. निळी गोटी अजून असेल तर पाठवू नकोस. ठेव.