माया अँजलो, 'एंजेलू' नव्हे

संपादक महोदय, स.न.वि.वि.
अमेरिकन कवयित्री-लेखिका माया अँजलो यांचं आडनाव मराठीत बरेचदा 'एंजेलू' किंवा 'अँजेलो' असं छापून येतं, त्याबद्दल थोडं लिहितेय. स्पेलिंग (Angelou) बघून आपली फसगत होते हे मान्य, पण त्या स्वतः शेवटचा उच्चार 'लो' असाच करायच्या आणि मधला 'जे' नाही तर हलका 'ज', म्हणजे साधारण अँजलो.

आणि हे त्यांचं जन्माचं आडनाव नव्हतंच! १९२८ मध्ये सेंट लुईसला जन्मल्या तेव्हा नाव मार्गरीट जॉन्सन, 'माया' हे भावाने लहानपणी 'माय सिस्टर' म्हणता म्हणता पडलेलं (आपल्याकडे अनेकांना ते भारतीय नाव वाटतं), आणि १९५१ मध्ये टॉश अँजेलॉस या ग्रीक वंशाच्या माणसाशी लग्न झालं, ते फार टिकलं नाही पण सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबमध्ये गायला लागल्या तेव्हा स्टेजसाठी त्याच आडनावात थोडा बदल करून त्यांनी हे नाव घेतलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं. १९९३ ला क्लिंटन यांच्या शपथविधीत कविता वाचली ती याच नावाने.

मला हे फार भावतं, लग्न गेलं पण नाव तिचं स्वतःचं झालं. मग निदान ते नीट छापूया ना, प्लीज.

आपली एक वाचक, पुणे