प्रचार कार्यक्रमाच्या चुकीच्या नियोजनाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कार्यक्रम नियोजन विभाग

विषय : ठरलेल्या ग्राहकवर्गाचा विचार न करता आखलेला कार्यक्रम व रकमेचा परतावा.

महोदय,

शाहूपुरीत माझे दूध काढण्याच्या यंत्रांचे व कडबाकुट्टीचे दुकान असून, दूध काढण्याच्या नव्या यंत्राच्या प्रचाराचा कार्यक्रम मी आपल्या कंपनीकडे सोपवला होता. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत दोन-चार म्हशी पाळून संस्थेला दूध घालणाऱ्या महिलांसाठीच हा कार्यक्रम आहे, हे मी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केले होते व आपल्या कोटेशनमध्येही तसे नमूद आहे.

असे असताना आपण वेळ ठेवली सायंकाळी साडेपाचची, म्हणजे नेमकी धारा काढून दूध संस्थेत पोहोचवण्याची. गोठ्यातली म्हैस तशीच सोडून कोणती बाई राजारामपुरीतल्या सभागृहात येऊन बसणार होती? जाहिरातही इन्स्टाग्रामवर आणि ताराबाई पार्कातल्या फलकांवर झाली. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल घ्यायला ज्या संस्थेत या महिला जातात, तिथल्या फळ्यावर एक कागद लावायचे मात्र कोणालाही सुचले नाही. परिणामी समोर बसली ती कॉलेजची मुले आणि नाश्त्याची कुपने मिळालेली आसपासची मंडळी. 'सभागृह पूर्ण भरले' असे आपल्या अहवालात लिहिले आहे. ते खोटे नाही, पण त्या गर्दीत यंत्र घेणारे कोणी नव्हते.

सर्वांत अधिक नुकसान प्रात्यक्षिकाने केले. आवारात म्हैस बांधली आणि तिच्यापासून चार पावलांवर साउंड बॉक्स लावले. परकी जागा आणि परकी माणसे एवढ्यानेही म्हैस पान्हा चोरते, म्हणजे दूध आखडून धरते, कारण भेदरलेल्या जनावराच्या शरीरात सुटणारे ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या आड येते. इथे तर वर गाण्यांचा दणदणाट होता. सडांना कप लावले, पल्सेटर (कपांतला हवेचा दाब कमी-जास्त करणारा यंत्राचा भाग) टकटक करीत राहिला, पण पारदर्शक नळीत दुधाची धार काही दिसेना. निवेदकाने त्यावरही विनोद केला. बघणाऱ्यांचा समज एकच झाला, की यंत्रच कुचकामी आहे, आणि त्याचे व्हिडिओ आता गावोगावी फिरत आहेत. यंत्रात दोष नाही, याचे खुलासे मी दुकानात बसून रोज देतो आहे.

म्हणून सभागृह, ध्वनिव्यवस्था व जाहिरात यांपोटी घेतलेली रक्कम मला परत करावी. उर्वरित बिल मी तोपर्यंत देणार नाही. परताव्याऐवजी कार्यक्रम पुन्हा घ्यायचा असल्यास तो आपल्या खर्चाने, एखाद्या गावच्या दूध संस्थेच्या आवारात, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, साउंड बॉक्सविना घ्यावा आणि यंत्र ज्या म्हशीला लावायचे तिची रोज धार काढणारी बाईच तिच्याजवळ उभी असावी. आपले लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे.

सोबत कोटेशन व भरलेल्या रकमेच्या पावतीची प्रत जोडली आहे.

आपला,
दुकानमालक, शाहूपुरी, कोल्हापूर