संस्कृतीवर लिहू लागलेल्या मित्राला

अहिल्यानगर,
नाताळाच्या आधीचा आठवडा

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तू पाठवलेले लेख सगळे वाचून काढले. वसईच्या लग्नांवरचा फार आवडला. दिवाळीवरचा मात्र पटला नाही, आणि ते तुझ्यापासून लपवून ठेवावं इतकी आपली मैत्री परकी नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

दिवाळीच्या लेखात ख्रिस्ती माणसानं काय करावं नि काय टाळावं हेच तू सांगत गेला आहेस. शेजारच्या घरचा फराळ घ्यावा का, दारात कंदील लावावा का. तुझ्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या मंडळीतल्या, काहींना ते आवडेल. पण फराळाचं ताट घेऊन येणारी शेजारीण हे वाचेल तेव्हा तिला काय वाटेल? ख्रिस्ती नजरेनं संस्कृतीकडे बघायचं म्हणजे वेशीवर पहारा द्यायचा, असं तू धरून चालला आहेस. आपल्या भाषेत आधी लिहून गेलेली ख्रिस्ती माणसं तशी वागली नाहीत, म्हणून मला हे लागलं.

फादर स्टीफन्सपासूनच बघ. हा इंग्लंडचा जेझुइट संघाचा धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि 1616 मध्ये राचोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून झालं. येशूची कथा त्यानं ओवीत सांगितली, कारण तिथल्या लोकांचे कान ओवीला सरावलेले होते. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो. साष्टीतली देवळं 1567 मध्ये पोर्तुगीज राजवटीत पाडली गेली होती. त्याच राजवटीच्या सावलीत ही सुंदर ओवी जन्मली. तिचा अभिमान आपण बाळगतो, बाळगावाच. पण ती देवळंही त्याच लेखात आली पाहिजेत. आपल्यातला कुणी हे लिहिणार नसेल तर आपल्या बाकीच्या लिहिण्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

आणि टिळक! आमच्या नगरचे म्हणून मी त्यांच्याबद्दल जरा जास्तच बोलतो, ते तुला ठाऊक आहे. 1895 मध्ये मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. कोकणातल्या चित्पावन घरातला हा माणूस घरदार, जातगोत सगळ्याला मुकला, पण तुकोबाला त्यानं सोडलं नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पूल ओलांडून झाल्यावर तो मोडून टाकायचा असतो, असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. नगरहूनच 1842 मध्ये निघालेल्या 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाची मराठी बाजू 1912 पासून त्यांनी सांभाळली. पुढे 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

त्यांची 'केवढे हे क्रौर्य' आपण दोघांनी शाळेत पाठ केली होती. बाण लागलेली पक्षीण पडत-उठत पिलांसाठी घरट्यापर्यंत पोचते. त्या कवितेत येशूचं नाव नाही, उपदेश नाही. तरी कवी कुणाच्या बाजूनं उभा आहे हे पहिल्या ओळीपासून कळतं. मला विचारशील तर ख्रिस्ती नजर ती हीच. ती महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या पाठांतरात जाऊन बसली आणि कुणाला परकी वाटली नाही. तुझा सिनेमांवरचा लेख लिहायला पुन्हा बसलास तर ही कविता आधी वाच. पडद्यावर शिवी किती वेळा आली हे मोजण्यापेक्षा त्या कथेत मार कोण खातं आणि कॅमेरा त्याच्याकडे कसा बघतो, हे लिही.

पंडिता रमाबाईंचं आणखी एक सांगतो. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्या पुरुषांना शिकवणार अशी बोलणी निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मुकाट्यानं मानली नाही. मायदेशात पुरुषांच्या सभांतून बोललेली बाई ती. पत्रांतून तिनं चर्चच्या वडीलधाऱ्यांना खडसावलं. हिंदू समाजातल्या बाईच्या हालांवर जिनं लिहिलं, तिनंच आपल्या नव्या घरालाही सूट दिली नाही.

तुझ्या लेखांत मला हेच सापडत नाही. इतरांच्या चालीरीतींवर तू भरभरून लिहितोस, आपल्यातल्या जातिभेदावर एक ओळ नाही. आमच्या जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग वाड्यांतून आले. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानं त्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर, म्हणजे त्या आरक्षणाबाहेर, ठेवलं. 1956 मध्ये शिखांना, 1990 मध्ये बौद्धांना ती दारं उघडली, ख्रिस्ती मात्र अजून बाहेरच आहेत. हा अन्याय आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण सोयरीक जुळवताना आपल्याच मंडळीत मूळ जात हळूच विचारली जाते, त्याचं काय? एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं लग्नाच्या बोलणीत वेगळी होतात. तू यावर लिही. शिव्या पडतील, आणि त्या आपल्याच लोकांकडून पडतील. तरी लिही.

तुमच्या वसईचे फादर दिब्रिटो तर तुझ्या डोळ्यांसमोर होते. 'सुवार्ता' मासिक चालवताना त्यांनी हरित वसईसाठी आवाज उठवला, तो चर्चच्या कंपाउंडपुरता नव्हता. बांधकामांच्या रेट्यात विहिरी आणि बागा सगळ्यांच्याच जाणार होत्या. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एक धर्मगुरू त्या पदावर कसा, असा विरोध झाला होता. तिथवर ते पोचले कारण आयुष्यभर सगळ्या मराठी माणसांशी बोलत आले होते.

आता तुझ्या लग्नाच्या लेखाबद्दल. तो अर्धाच आहे. खर्च, दारू, मंडपाची चढाओढ यांवर तू नेमकं बोट ठेवलंस, पण लग्नघरातल्या बायकांची सामवेदी बोलीतली गाणी दोन ओळींत उरकलीस. तुझ्या आईला ती येतात ना? तिच्याजवळ बैस आणि उतरवून घे. कुठल्या विधीला कुठलं गाणं, त्यात मुलीच्या मनातलं काय आहे, व्याह्यांना टोमणे कसे मारलेत, सगळं. मग ती गाणी मंडपातून कुणी घालवली ते लिही. तो लेख मला सगळ्यांत आधी पाठव, कच्चा असला तरी चालेल.

आईला आणि घरच्या सगळ्यांना माझा सलाम सांग.

तुझा,
नगरचा मित्र