बटर फेसायचं, वितळवायचं नाही

नौपाडा, ठाणे

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर रडकुंडीला येऊन म्हणालास, "आई, क्रीम फाटलं, टाकून देतो." टाकलं नसशील तर बरं. फोनवरच सगळं सांगितलं असतं, पण तू मध्येच "हो हो, कळलं" म्हणतोस आणि तेव्हाच मला कळतं की तुला काही कळलेलं नाही. म्हणून हा कागद.

तुझं केकवर लावायचं बटरक्रीम फाटलं नाही, ते गारठलंय. बेंगळुरूतली डिसेंबरची सकाळ, फ्रीजमधून तसंच काढलेलं बटर, वरून थंडगार दूध. बटरमध्ये 80 टक्के तरी स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी. गारव्याने स्निग्धांश आवळतो, पाण्याशी त्याचं जमत नाही आणि सगळं रवाळ दिसायला लागतं. त्यातलं दोन-तीन चमचे वाटीत काढ, जेमतेम पातळ होईल इतकंच कोमट कर आणि बीटर चालू ठेवून परत त्यात सोड. थोड्या वेळात गुळगुळीत होईल.

आजी दिवाळीत नानकटाईसाठी परातीत तूप फेसायची, आठवतं का? तळहाताने घोळून घोळून तूप पांढरं आणि हलकं होईपर्यंत ती पाटावरून उठायची नाही. मध्ये कुणी हाक मारली तर ओरडायची. बटरक्रीम हे तेच काम आहे. आधी नुसतं बटर फेसायचं, साखर नंतर. बीटर असेल तर पाच ते सात मिनिटं, रंग फिका पडेपर्यंत. तू दोन मिनिटांत उरकलं असणार, मला माहीत आहे.

बटर किती मऊ हवं ते बोटाला विचार. दाबल्यावर खळगा पडावा आणि तसाच राहावा, पण बोट तेलकट चकाकता कामा नये. अंशात सांगायचं तर 18 ते 20. तुझ्याकडे तुकडे करून तास-दीड तास बाहेर ठेवावं लागेल. आमच्याकडे मे महिन्यात पंधरा मिनिटंही जास्त होतात! बाबांच्या साठीला मी हेच शिकले. दुपारी क्रीम सुरेख झालं, केकवर गुलाब काढले आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा बंद, खिडकीतून झळा. बटर तिशीच्या पुढे गेलं की धीर सोडतं. तासाभरात गुलाब घरंगळत ताटलीत आले. बाबा म्हणाले, "छान आहे, खीर केलीस का?" असं पातळ झालं तर टाकायचं नाही. भांडं दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि परत फेसायचं. मी मात्र त्या दिवशी रडत बसले.

बटर बिनमिठाचं घे. पहिल्यांदा मी, आपण टोस्टला लावतो ते पिवळं, खारं बटर वापरलं होतं आणि केकला खारी बिस्किटाची चव आली होती. घरचं लोणीही नको. कितीही पाण्यांनी धुतलं तरी ताकाचा आंबटपणा राहतोच. त्याचं तूपच करावं.

साखर आयसिंगची, म्हणजे कॉर्नफ्लोर मिसळलेली. मी जांभळी नाक्यावरून आणते. पावसाळ्यात इथे साधी पिठीसाखर डब्यातच खडे धरते, कॉर्नफ्लोर ती ओल शोषतं. तरी दोनदा चाळायचीच, नाहीतर क्रीमची नक्षी काढायचं नोझल तुंबतं. पुस्तकी माप बटरच्या दुप्पट साखर, म्हणजे 200 ग्रॅमला 400. मी 300 घालते. 400 घातली की दात शिवशिवतात. साखर तीन वेळा विभागून, बीटर मंद ठेवून घाल, नाहीतर ओट्यावर बर्फ पडेल आणि तो सूनबाईला पुसावा लागेल. (तू पुसत असशील तर माफ कर.) शेवटी चिमूटभर मीठ, लागलंच तर चमचाभर दूध, फ्रीजमधलं नव्हे, आणि एक चमचा व्हॅनिला.

व्हॅनिला म्हणजे एका ऑर्किडची शेंग. फूल जेमतेम एक दिवस उमलतं आणि मूळच्या मेक्सिकोबाहेर शेंग धरेचना. 1841 मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून परागीकरण करून दाखवलं. आजही हे काम हातानेच होतं, म्हणून खरी शेंग इतकी महाग. तू बाराव्या वर्षी दुधाची पिशवी दातांनी फोडत होतास. असो, तुला साधा इसेन्स पुरे, चमचाभराच्या वर गेलास तर मात्र कडवट लागेल.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीम लावू नकोस. तळाला हात लावून बघ, वरून गार असतो आणि आत धग असते.

चिऊला पहिल्या वाढदिवसाचे खूप पापे. तिला त्यातलं नखभरच चाखव, साखर आहे ती.

तुझी,
आई

ता. क. उरलेलं क्रीम डब्यात घट्ट झाकून फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, वापरताना मऊ होऊ देऊन परत फेस. आणि माझं स्टार नोझल तुझ्याकडे आलंय का बघ. बाबा म्हणतात त्यांनी ते कुंड्यांच्या पाइपला लावलेलं नाही, पण त्यांचा चेहरा तसा वाटत नाही.